पा लमियतच्या उशाशी पाणी

लुंग सवेंगच्या हातांखालून किती मासे गेले असतील ते त्यांनाही सांगता आलं नसतं, पण त्यांच्या घरात मात्र कधी एकही मासा नव्हता. आमच्या बान पोंग गावात कालव्याच्या दोन्ही काठांना रंगीत माशांची तळी आहेत. ज्याचं स्वतःचं तळं नाही तो दुसऱ्याच्या तळ्यावर कामाला जातो. लुंग, म्हणजे आमच्याकडे काका, मिसरूड फुटायच्या आधीपासून एका फार्मवर पिशव्या बांधायला लागले ते म्हातारे होईपर्यंत तेच करत राहिले. पिशवीत थोडं पाणी, त्यात मासे, वरून नळीने भरलेली हवा आणि तोंडाला रबराचे वेढे. ते रबर असं सरसर फिरवायचे की नवीन आलेली माणसं काम सोडून बघत उभी राहायची. ते मासे कुठल्या कुठल्या देशांत जायचे. लुंग स्वतः मात्र नदीपलीकडच्या बाजारापुढे फारसे गेले नाहीत.

एकदा मी सहज विचारलं होतं की घरी एखादा का नाही आणत. ते म्हणाले, फार्मवरच्या माशाला नाव नसतं, नुसता आकडा असतो. घरी आणला की त्याला नाव पडतं, आणि नाव असलेलं मेलं की मनाला लागतं. एवढं बोलून ते दारातलं गवत काढायला लागले.

लग्न केलं नाही. थोरली बहीण पा लमियत (पा म्हणजे मावशी), तिच्या घरालगतच्या खोलीत राहिले. आईवडील लहानपणीच गेले, तेव्हा लमियतनेच त्यांना वाढवलं. नारळाच्या दुधात तांदळाचं पीठ कालवून, केळीच्या पानात वाफवून ती बाजारात विकायची. ते गोड खाऊन गावातली दोन पिढ्यांची पोरं मोठी झाली. बाई तोंडाने तिखट. गिऱ्हाइकाने घासाघीस केली तर म्हणायची, पानाचे पैसे नको देऊ, पण पान खाऊ नकोस. भिक्षू सकाळी भिक्षेला निघाले की त्यांच्या पात्रात पहिला घास तिचाच पडायचा. माझं घर तिच्या शेजारी. भिक्षूंना भात वाढायला आम्ही दोघी एकाच चटईवर गुडघे टेकायचो.

मागच्या थंडीत तिच्या पोटातलं दुखणं उघडं पडलं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी तपासलं, कागद बघितले आणि तिला घरी न्यायला सांगितलं. म्हणाले, आता तिला विसावा घेऊ द्या.

तिचा पलंग खिडकीशी लावला. पूर्वी तिथून कालवा दिसायचा, आता पुराच्या भीतीने बांधलेली सिमेंटची भिंत दिसते. काही दिवस ती भिंतीकडे बघत पडून राहिली. मग एका सकाळी मी पेज घेऊन गेले, तर भावाला सांगत होती, “सवेंग, ही भिंत हलत नाही रे. मला काहीतरी हलणारं आणून दे. तू जगाला मासे पाठवलेस, मला दोन नाही मिळायचे?”

तिने आयुष्यात भावाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. लुंग तसेच फार्मवर गेले. दुपारी सायकलला बांधून एक छोटा फिश टँक घेऊन आले. फार्मच्या मागे पडलेला होता, दोन वितींपेक्षा थोडा लांब, कडांना जुनं शेवाळ सुकलेलं.

मला वाटलं, संध्याकाळपर्यंत मासे येतील. पा लमियतलाही तसंच वाटलं असणार, कारण तिने मला केस विंचरायला सांगितले.

लुंगनी टाकी अंगणात मांडली. मी भांड्याचा साबण पुढे केला तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. साबण काचेच्या सांध्यात बसतो आणि मग पाण्यात उतरत राहतो, म्हणाले. जाड मीठ घेऊन त्यांनी काचा घासल्या आणि साध्या पाण्याने खळखळून धुतल्या. मग टाकी भरली आणि खाली वर्तमानपत्र अंथरून तशीच ठेवून दिली. कागद कुठे ओला होतो का, हे बघायला. कागद कोरडा राहिला, तेव्हा ते पाणी फुलझाडांना घातलं. बारीक खडी तांदळासारखी धुतली, धुवण अगदी निवळ येईपर्यंत. नळाचं पाणी छपराखालच्या मोठ्या रांजणात भरून उघडं ठेवलं, वर फक्त डासांसाठी जाळी. नळाच्या पाण्यातलं औषध उडून जायला हवं, नाहीतर माशांचे कल्ले जळतात. त्यात देशी बदामाची दोन वाळकी पानं टाकली, तशी पाण्याला फिकट चहाची झाक आली.

पलंगाच्या उशाशी, ऊन थेट पडणार नाही अशा जागी, एक भक्कम टेबल लावलं. वर टाकी. आत खडी, पाणी आणि कोपऱ्यात हवेच्या पंपाला जोडलेला स्पंज. बुडबुडे वर यायला लागले. पा लमियत उशी उंच करून बघत राहिली.

“आणि मासे?” तिने विचारलं.

“पाणी अजून विसावलं नाही, ताई.”

आमच्याकडे पाण्याला आणि आजाऱ्याला एकच शब्द आहे. ती हसली. म्हणाली, “बरं. आम्ही दोघं विसावतोय. बघू कोण आधी तयार होतं ते.”

लुंगनी पंपाची नळी उगाच सरळ केली.

दुसऱ्या दिवसापासून लुंग रोज सकाळी त्या रिकाम्या पाण्यात चिमूटभर माशांचं खाणं टाकायला लागले. गल्लीत बातमी पसरायला काय वेळ लागतो. भाजीवाली म्हणाली, सवेंग भुताला जेवू घालतोय. समोरचा रिक्षावाला रोज जाता जाता विचारायचा, लुंग, तुमचा मासा जेवला का, की आज उपास? लुंग उत्तर द्यायचे, जेवतोय, पण लाजतो, लोकांसमोर येत नाही.

मला मात्र त्यांनी नीट सांगितलं. मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. ती घाण सडली की तिचं विष होतं. जुन्या पाण्यात, खडीवर आणि स्पंजात, डोळ्याला न दिसणारे जीव राहतात आणि ते विष खाऊन टाकतात. नव्या पाण्यात ते नसतात. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, आणि मासा त्यात गुदमरून मरतो. म्हणून आधी त्या जिवांना खाणं देऊन वस्ती करू द्यायची. फार्मवरून त्यांनी थेंबांची एक बाटली आणली होती. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे. पाणी हिरवं झालं तर विष आहे, पिवळं राहिलं तर नाही. रोज हिरवं व्हायचं. एक दिवस तर सगळी टाकीच ताकासारखी पांढुरकी झाली. पा लमियत म्हणाली, माझे डोळे गेले की काय. लुंग म्हणाले, डोळे बरे आहेत, पाणी आजारी पडलंय, निवळेल.

पाणी निवळायची वाट बघायला तिच्याकडे किती वेळ आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. पेज अर्धी वाटी जायची, मग पाव. दुपारी डोळे मिटून पडायची आणि जागी झाली की आधी टाकीकडे बघायची. बुडबुडे सोडले तर आत काही नाही.

एका संध्याकाळी तिचा धीर सुटला. मी पाय चेपत होते. तिने भावाला जवळ बोलावलं. “उद्या आण. मेले तर मेले. मी तरी कुठे राहणारे.”

लुंग खाली जमिनीवर बसले. म्हणाले, “नाही, ताई.”

त्या दोघांत हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. तीसुद्धा चपापली.

लुंग खालच्या आवाजात बोलत होते. फार्मवर आजारी पाण्यातले मासे त्यांनी पाहिले होते. ते वर येतात, तोंड उघडतात, कुशीवर कलतात आणि परत सरळ व्हायला बघतात, असं बराच वेळ चालतं. “तुझे डोळे मिटतील तेव्हा समोर ते असायला नको. मनात शेवटचं काय असतं ते बरोबर जातं म्हणतात. तू मला हेच शिकवलंस. मी तुझ्यासमोर मरणारा जीव कसा ठेवू? तसली काळजी घेऊन जाशील तू.”

तिने मान टाकीकडे वळवली. मग म्हणाली, “आणि रिकामी काच बघत गेले तर?”

लुंग उठून रांजणावरची जाळी नीट करायला गेले. त्या दिवसापासून मी संध्याकाळची प्रार्थना म्हणताना पाण्यासाठीही एक श्लोक म्हणायला लागले. कोणी ऐकलं असतं तर हसलं असतं.

मग हळूहळू थेंबांचा हिरवा रंग फिकट व्हायला लागला. लुंगनी नळी उजेडात धरून मला दाखवली. तेवढ्यात पा लमियतची मुलगी जिंतना आली.

जिंतना राजधानीत कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते. मालकाने रजा देईपर्यंत बिचारी तिकडे तळमळत होती. येताना वाटेत एका नामांकित विहारात उतरून तिने आईसाठी मंत्राचं पाणी आणलं, मोठ्या बाटलीत, मेणबत्तीचं मेण वर तरंगणारं, मोगऱ्याच्या पाकळ्या आणि सुगंधी अर्क घातलेलं. आल्या आल्या आईच्या कपाळाला लावलं, ओठांना लावलं. पा लमियतने हात जोडून घेतलं. लुंग तेव्हा बदामाची पानं गोळा करायला गेले होते, आणि मी चुलीपाशी होते. बाटलीत बरंच पाणी उरलं. जिंतनाने विचार केला, आईला आयुष्य लाभावं म्हणून इथे जीव राहायला येणार आहेत, त्यांचं घरही पावन होऊ दे. उरलेलं सगळं तिने टाकीत ओतलं आणि हात जोडले.

लुंग परत आले आणि दारातच थांबले. खोलीभर मोगऱ्याचा वास होता. पाण्यावर तेलाचे रंगीत गोल फिरत होते.

जिंतना उत्साहाने सांगत होती की पाणी किती मोठ्या भिक्षूंच्या हातचं आहे. बोलता बोलता तिला मामाचा चेहरा दिसला. “मामा, काही चुकलं का?”

मला वाटलं, आता बोलतील. पण कशावर बोलणार? ते मंत्राचं पाणी होतं, आणि पोरीने आईवरच्या मायेने ओतलं होतं. पा लमियत पलंगावरून भावाकडे बघत होती. लुंग म्हणाले, “चुकलं नाही. पाणी चांगलं आहे. फक्त माशांना सोसणार नाही.”

तो अर्क निघण्यासारखा नव्हता. स्पंजाला तर धुऊनही मोगऱ्याचा वास येत होता. सगळं पाणी काढून टाकावं लागणार होतं, आणि तेही मोरीत नाही. मंत्राचं पाणी पायदळी जाईल अशा जागी ओतत नाहीत. मग लुंगनी आणि जिंतनाने बादल्या भरभरून ते घरामागच्या फणसाच्या बुंध्याशी नेलं. प्रत्येक बादली ओतताना लुंग वाकून हात जोडत. जिंतना रडत होती आणि म्हणत होती की मी आईचे दिवस ओतून टाकले. लुंगनी शेवटची बादली रिकामी केली आणि तिला म्हणाले, “तुझ्या आईने तुझ्या हातचं पाणी घेतलं ना, तेव्हा तिला बरं वाटलं. मी पाहिलं नाही, पण तिच्या कपाळावर अजून पाकळी आहे. आता डोळे पूस आणि रांजणावरची जाळी धर.”

टाकी परत भरली. नवा स्पंज, नवं पाणी. दुसऱ्या दिवशी खाणं टाकलं, आणि त्यानंतर थेंब टाकले की पाणी परत गर्द हिरवं. पा लमियतने आता पेजही नको म्हटलं. चमच्याने नारळपाणी द्यायचो.

लुंग माझ्या दारात आले, आत न येता पायरीशी बसून राहिले. त्यांच्या मनात काय आहे ते मला थोडं कळलं होतं. आमच्या विहाराच्या प्रार्थनागृहापुढे कमळाचं एक जुनं मडकं आहे, माणूस आत बसेल एवढं. माझ्या सासूच्याही आधीचं. ते कधी कोणी धुतलेलं नाही, आणि त्यातलं पाणी कधी बिघडलेलं नाही. तळाशी खडी आहे, पाणवेली आहेत. त्यातली ओंजळभर खडी आणि थोडी वेल आणली, तर जी वस्ती करायला कित्येक आठवडे लागतात ती तयारच हाती येईल.

पण विहारातलं न्यायचं कसं? तिथून निघताना तळव्याला लागलेली वाळूसुद्धा आम्ही आपली मानत नाही. नव्या वर्षाला बादल्या भरून वाळू नेतो आणि आवारात घालतो, वर्षभर नकळत नेलेल्याची भरपाई म्हणून. आणि इथे तर जाणूनबुजून न्यायचं.

“नोंग, तू रोज तिथे जातेस. तू विचारशील का?” लुंगनी मला म्हटलं. आमच्याकडे आपल्याहून धाकट्याला नोंग म्हणतात.

मी म्हटलं, “लुंग, बहीण तुमची आहे. तुम्ही विचारा. मी बरोबर येते.”

विहाराचे प्रमुख, ज्यांना आम्ही आदराने लुआंग पो म्हणतो, अंगण झाडत होते. लुंगनी गुडघे टेकून तीनदा डोकं जमिनीला लावलं आणि सगळं सांगितलं. मोगरा, थेंब, स्पंज, सगळं. लुआंग पोंनी झाडू भिंतीला टेकवला. पा लमियत किती वर्षं पात्रात भात वाढत होती ते त्यांना माहीत होतं. त्यांनी तिचं नाव घेतलं आणि विचारलं की दुखतं का फार.

लुंग म्हणाले, दुखतं, पण सांगत नाही.

“खडी ने. वेल पण ने. विहाराचं आहे म्हणून भितोस?”

“भितो, लुआंग पो.”

“मग उसनं ने. लमियतचं झालं की परत आण.” एवढं म्हणून त्यांनी झाडू उचलला.

‘लमियतचं झालं की’ हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मला रडू आलं. लुंगना आलं नाही. त्यांनी बाह्या वर केल्या आणि खांद्यापर्यंत हात मडक्यात घातला.

खडी टाकीत गेली. वेल वर सोडली. स्पंजावर मडक्यातल्या मुळांचा गाळ पिळला. पाणी गढूळलं आणि सकाळपर्यंत निवळलं. लुंगनी थेंब टाकले. हिरवं होतं, पण पोपटी. त्यांनी अजून थांबायचं ठरवलं. पा लमियत तर दिवसभर झोपेतच असायची.

दोन-तीन दिवसांनी दुपारी आम्ही तिघं तिथेच बसलो होतो. पा लमियत डोळे उघडून म्हणाली, “आत कोणीतरी आहे.”

जिंतनाने माझ्याकडे बघितलं. अशा आजारात माणसाला गेलेली माणसं दिसतात, हे तिलाही ठाऊक होतं. तिने आईचा हात हातात घेतला आणि विचारलं, कोण आहे आई, आजी का?

“आजी कशाला? टाकीत आहे, वेलीखाली. मी काय वेडी आहे?”

लुंगनी चष्मा लावला आणि काचेला नाक टेकलं. बराच वेळ काही नाही. मग वेलीच्या मुळांतून केसाएवढं काहीतरी निघालं, दोन काळे ठिपके आणि मागे शेपटीचा धागा. खडीवर उतरलं, काहीतरी टिपलं, परत वेलीत गेलं. मग दुसरं निघालं. मडक्यात मोरशेपटीचे बारके मासे असतात, त्यांची पिल्लं वेलीबरोबर आली होती. ज्या माणसाने जन्मभर मासे मोजले त्याला ती दिसली नव्हती, पा लमियतला दिसली.

लुंगनी लगेच थेंबांची नळी घेतली. पाणी पिवळं होतं. नीट पिवळं.

मला वाटलं ते हसतील. ते पायरीवर जाऊन बसले आणि म्हणाले, लुआंग पोंनी खडी दिली, वेल दिली, जीव दिले नव्हते. हे मी न विचारता आणले. संध्याकाळी ते सांगायला विहारात गेले. परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाले. लुंग म्हणाले, “विचारलं, किती आहेत. मी म्हटलं, मोजता येत नाहीत, लपतात. तर म्हणाले, मग मी तरी हिशोब कुठे ठेवू?”

त्यानंतर पा लमियत पुष्कळ वेळ जागी राहायला लागली. बोलत नसे. कुशीवर वळून टाकीकडे तोंड करून पडायची. एक पिल्लू इतरांपेक्षा धीट होतं, काचेजवळ यायचं. तिने त्याला नाव दिलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, त्याला त्याचं त्याचं राहू दे. लुंग सकाळी खाण्याची चिमूट बोटांत चुरून अगदी पीठ करून टाकायचे, कारण त्यांची तोंडं टाचणीच्या टोकाएवढी. रिक्षावाल्याने विचारलं, लुंग, मासा जेवला का? लुंग म्हणाले, जेवला. रिक्षावाला मान डोलावून पुढे गेला.

मोठे रंगीत मासे आणायचे का, असं जिंतनाने आईला विचारलं. तिने मान हलवली. नको.

एका सकाळी मी भिक्षूंना भात वाढून, तीच थाळी घेऊन पा लमियतच्या घरी गेले. जिंतना पलंगाच्या पायथ्याशी बसून हळू आवाजात मंत्र म्हणत होती. लुंग उशाशी उभे होते. पा लमियत कुशीवर, तोंड टाकीकडे. डोळे उघडे होते, श्वास नव्हता. टाकीत पिल्लं नेहमीसारखी वेलीतून निघत होती आणि परत आत जात होती. पंप चालू होता.

मी थाळी खाली ठेवली आणि तिचे डोळे मिटायला हात पुढे केला.

लुंगनी माझा हात धरला. “थांब, नोंग,” ते म्हणाले. “तिला अजून थोडं बघू दे.”

मी जिंतनाशेजारी बसले आणि तिच्या आवाजात आवाज मिसळला.